खणखण्याचा चमचा

हॅलो?… कोण, तू होय? अगं, तुलाच लावायला फोन हातात घेतला होता… ऐक, घाबरू नकोस. तुझे बाबा तुझ्या ऑफिसात आलेत का?

नाहीत ना. वाटलंच मला.

अगं, घरात नाहीत म्हणजे नाहीत. न्हाणीघर बघितलं, गच्ची बघितली, कॉटखाली वाकून बघितलं… हसतेस काय, परवा तिथेच सापडले होते. स्क्रू शोधत होते म्हणे.

किती वेळ? मी कपडे धुवायला बसले तेव्हा खुर्चीत होते. पिळून बाहेर आले तर खुर्ची रिकामी. अर्धा तास धर.

तेच तर मी म्हणतेय! खणखण्या वाजलाच नाही. दार उघडलं की चमचा ताटावर आपटणार, आपटायलाच हवा… नळ चालू असला म्हणून काय झालं? खालच्या मजल्यावरचे जागे होतात त्या आवाजाने.

हो, हो, मीच टांगला ना गेल्या वर्षी परत. ते रस्ता विसरायला लागले तेव्हा. चोर फार झालेत, असं सांगितलं त्यांना. काय सांगणार दुसरं? ज्याने केला त्याच्यासाठीच टांगायचा… आणि केला कोणासाठी? तुझ्यासाठीच ना! दोन वर्षांची होतीस, दार लोटून सुटायचीस रस्त्यावर. एकदा दूधवाल्याने उचलून आणून दिली. त्याच दुपारी यांनी शिलाई मशीन दुरुस्तीला आलेलं तसंच बाजूला सारलं, आणि जुनं ताट, दोरा, वाढायचा चमचा घेऊन बसले… हो, माहितेय तुला, पण मला बोलू दे.

थांब, दाराशी जाते…

अगं! ताटच नाहीये. नुसता खिळा.

काय?… कोणी नेलं? तुझ्या भिंगरीने? काल संध्याकाळी?… तरीच. मी भाजीला गेले होते. परत आले तेव्हा वाजला नाही, हेही ध्यानात आलं नाही माझ्या. शाळेत कसलं प्रदर्शन?… घरातल्या वस्तू कशा सुचल्या त्याचं… हो, परवा वाचून दाखवत होती ना आजोबांना. कुत्र्याच्या केसांत काटेरी बिया अडकल्या, त्या बघून कोणाला तरी ती बुटांना असते ना, चरचर उघडणारी पट्टी, ती सुचली. तर तुझे बाबा म्हणतात कसे, त्याच्याकडे कुत्रा होता, माझ्याकडे मुलगी होती.

पण ताट नेलंय हे मला सांगायचं कोणी? पोर लहान आहे, तू तर लहान नाहीस! रात्रभर दार तसंच, आणि मी आपली निवांत… नाही, ओरडत नाहीये.

बरं, ओरडतेय.

काय राहिलं? चमचा? नेलाच नाही तिने?… मग इथे असायला हवा. नाहीये गं. दोरा लोंबतोय नुसता… कापलेला नाही. गाठ सोडवलीय. म्हणजे त्यांनीच. उभ्या जन्मात दोरा कापला नाही त्या माणसाने.

एक मिनिट, खिडकीतून विचारते… अहो, सलूनवाले दादा! आमचे हे दिसले का हो?… कधी?… कुठल्या बाजूला?…

हॅलो, ऐकतेस ना? त्याने बघितलंय. हातात चमचा होता. त्याने विचारलं, काका, जेवण कुठे आज? तर म्हणाले, पोरीचं राहिलंय, द्यायला चाललोय. आणि मोठ्या रस्त्याकडे गेले… शाळेत, दुसरीकडे कुठे! पण तो रस्ता, त्या गाड्या… मागच्या महिन्यात कोपऱ्यावरून घर सापडेना त्यांना. छत्रीपण इथेच आहे, ती सायकलची घंटी लावलेली. ती वाजवत गेले असते तर कोणी थांबलं तरी असतं… आणि अगं, माझ्याच चपला घालून गेलेत. पाय मुरगळला म्हणजे?

तू शाळेत लाव. टेबलावरच्या फोनवरून लाव, हा ठेवू नकोस. मी धरते.

…

लागला का?… घंटी जातेय? बरं…

कोण बोलतंय?… बाई? विचार, विचार ना…

आहेत?

तिथे आहेत?… थांब. बसते जरा. पाणी पिते.

हं, सांग… कुणीतरी हात धरून रस्ता ओलांडून दिला? भलं होवो त्याचं… वर्गाच्या दारात ताट टांगलं, चमचा बांधला? स्वतः? टाळ्या वाजवल्या पोरांनी?… मग झालं तर! आता काय…

काय म्हणताहेत?

मुलगी दोन वर्षांची आहे…

लगेच घरी सोडा म्हणताहेत. पोरगी एकटी आहे, दाराला आज काही नाही, म्हणून… चमचा परत सोडवून घेतला?

अगं… रडू नकोस. ऐक ना. ए, ऐक.

तूच जा आणायला. मी नको, तूच. ओळखतील की नाही, ते कसं सांगू मी? पण हे बघ, मी मोठी झाले, मीच ती, असं समजावत बसू नकोस. चमचा मागू नकोस, राहू दे हातात. नुसतं एवढं सांग, काका, मुलगी घरी आहे, नीट आहे.

हो गं. तूच सांगायचंस.

जा आता, ते उभेच असतील. मी दारात बसते, उघडं ठेवून… ठेव. नाही, तू ठेव आधी… बरं, मीच ठेवते.