खुर्चीला नेमकं काय हवंय?

मी तिथं नव्हते, हे आधी नोंदवून ठेवा. मावशीची व्हीलचेअर दवाखान्याच्या उतारावरून घसरली तेव्हा मी तिथं नव्हते, मी इथं होते, याच इमारतीत, तळमजल्यावर, तपासणी विभागात, वॉकरच्या रबरी बुडांची झीज मोजत होते... आणि तरीही गेले पाच दिवस या कंपनीतला जो तो मला जिन्यात गाठून, आवाज खाली आणून विचारतोय, 'मॅडम, त्या क्षणी काय वाटलं हो तुम्हाला?' काय वाटणार? रबर लवकर झिजतंय असं वाटलं!

बसा तुम्ही, बसा. तुम्हालाही मीटिंगलाच आत जायचंय ना? दहाशिवाय दार उघडत नाही. दहाला वीस कमी आहेत आणि मला बसवत नाहीये, मी उभ्यानंच सांगते.

तर आम्ही व्हीलचेअर बनवतो. मी एकोणीस वर्षं त्या तपासते. मावशीची खुर्ची नव्या घाटाची, मीच नेऊन दिलेली, म्हणून ती घसरल्याचं कळल्याबरोबर मी गोदामातून त्याच घाटाच्या चाळीस खुर्च्या काढल्या, दवाखान्याला असतो तेवढाच उतार केला, प्रत्येकीवर साठ किलोचं वजन ठेवलं, ब्रेक लावला आणि वीस-वीस मिनिटं समोर उभी राहिले. सात घसरल्या. एकदम नाही हो, एकदम घसरली तर माणूस ओरडेल तरी. हळूहळू, दुसऱ्याची बशी आपल्याकडे ओढावी तशा. कारणही सापडलं... ब्रेकमधली पत्ती ठरल्यापेक्षा पातळ आलीये. आता गोदामात अशा तीनशे वीस खुर्च्या एका रुग्णालयासाठी बांधून तयार. ट्रक गुरुवारी निघणार. म्हणजे मला काय करायचं होतं? मीटिंगमध्ये जाऊन एक वाक्य बोलायचं होतं : पत्ती बदलेपर्यंत ट्रक थांबवा. एक वाक्य! एकोणीस वर्षं मी अशीच वाक्यं बोलत आले आणि ट्रक थांबत आले.

पण आमचे साहेब तीन दिवसांच्या शिबिराला जाऊन आले होते ना! 'गोष्टीतून नेतृत्व.' गेले तेव्हा बरे होते. आले ते एका गोष्टवाल्या सरांना बरोबर घेऊनच आले, आणि पहिल्याच दिवशी फतवा निघाला : यापुढे मीटिंगमध्ये तक्ता दिसता कामा नये, जे सांगायचं ते गोष्टीतून सांगा. का? तर सर म्हणतात, 'आकडा डोक्यात जातो, गोष्ट काळजात जाते!' म्हटलं, सर, ब्रेक काळजाला नाही बसवत, चाकाला बसवतात. हसले. लिहून घेतलं त्यांनी! 'छान आहे, वापरीन,' म्हणाले.

आमच्या विक्रीप्रमुखांचं मात्र फावलं. त्यांच्याकडे एक आजोबा आहेत. आमच्या खुर्चीत बसून नातीच्या लग्नाला गेलेले आजोबा. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा आजोबांनी खुर्चीतून हात हलवला. दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा आजोबा नातीसाठी उभे राहिले. तिसऱ्यांदा नाचले! चौथ्यांदा खुर्ची परत करायला आले असते आणि आमचा धंदा बसला असता... पण टाळ्या! साहेब तर रुमाल घेऊनच बसतात. मी विचारलं, तुम्ही होतात का लग्नाला? तर म्हणाले, 'मॅडम, गोष्टीत असं विचारत नाहीत.' अहो, मग कुठं विचारायचं?

तर गेल्या सोमवारी मी आत गेले. तक्ता घेऊनच. साहेबांनी तो असा चिमटीत धरला, 'सात? सात कोण?'

'खुर्च्या, साहेब.'

'मॅडम, यात माणूस कुठंय? खुर्ची कशी नायक होईल?'

त्यावर गोष्टवाले सर डोळे मिटून, 'होऊ शकते, होऊ शकते... पण तिला काहीतरी हवं असलं पाहिजे. मॅडम, तुमच्या खुर्चीला नेमकं काय हवंय?'

'तिला थांबायचंय,' म्हटलं मी.

मला वाटलं, पोचलं. तर सर म्हणाले, 'सुरुवात चांगली आहे, बुधवारी फुलवून आणा.'

फुलवून! बुधवारी! आणि गुरुवारी ट्रक! आता तुम्हीच सांगा, मी काय करायला हवं होतं? मी विज्ञान शिकले, प्रबंध लिहिला, त्यात पाचशे तेरा तळटीपा दिल्या, आणि बुधवारी त्या खोलीत उभी राहून मी माझ्या सख्ख्या मावशीची गोष्ट सांगितली. सुरुवातीलाच म्हटलं, मी तिथं नव्हते, हे नोंदवून ठेवा. 'तेवढं गाळा,' सर म्हणाले.

मग सांगितलं, की दवाखान्याच्या दारापुढं उतार आहे, मावसबहीण मावशीला तिथं ठेवून आत नंबर लावायला गेली. सर लगेच बोटं नाचवत, 'वास द्या, वास!' दिला, औषधांचा. 'मांडीवर काय होतं?' लोकरीचा गुंडा होता. खरंच होता! खुर्ची घसरत खाली गेली, गुंडा वर दाराशीच पडला, आणि दारापासून रस्त्यापर्यंत ही एवढी लांब निळी लोकर... मावसबहीण ती गुंडाळत-गुंडाळतच आईपर्यंत पोचली. खुर्ची एका उभ्या व्हॅनला टेकली, म्हणून थांबली. मावशीला खरचटलंसुद्धा नाही. इथपर्यंत सगळं दोघींकडून पडताळून घेतलेलं, बरं का. पण सर पुढं झुकले, साहेबांनी रुमाल काढला, आणि मला काय झालं कोण जाणे... माझ्या तोंडून निघून गेलं, 'आणि मावशी म्हणाली, अगं, कुणी आहे का गं?'

असं ती म्हणाली नव्हती. ती जे म्हणाली ते व्हॅनवाल्याला उद्देशून होतं आणि ते मी इथं सांगू शकत नाही.

पण विक्रीप्रमुखांचा चेहरा पडलेला. आजोबा गेलेच त्यांचे! साहेबांनी चष्मा काढला, पुसला, म्हणाले, 'ट्रक थांबवा.' तुम्हाला सांगते, एकोणीस वर्षांत मला कधी एवढं मोठं झाल्यासारखं वाटलं नव्हतं. खोटं बोलून! पण थांबवला ना ट्रक? थांबवला. मी खाली आले, नव्या पत्त्यांची मागणी लिहायला घेतली.

शुक्रवारी सकाळी गोदामात जाते तो खोकी. पत्त्या इतक्या लवकर? उघडली. घंट्या! तीनशे वीस घंट्या, सायकलच्या असतात तशा, आणि दोन फिटर एकेक खुर्चीच्या हातावर त्या बसवताहेत. धावत वर गेले. साहेब एवढे भारावलेले, 'मॅडम, तुमच्या मावशी एकट्या होत्या हो! हाक मारली तर कुणी ऐकायला नाही! आता कुठलीही मावशी एकटी नाही. घंटी वाजवली की माणूस हजर!'

'साहेब, अहो ब्रेक! ब्रेकचं काय?'

'ब्रेक गोष्टीत कुठं होता?'

म्हटलं होता, असणारच, त्यासाठीच तर सांगितली! त्यांनी रेकॉर्डिंग लावलं. अकरा मिनिटं. वास आहे, लोकर आहे, मावशीच्या चपलेचा रंगसुद्धा आहे... ब्रेक नाही. एकदाही नाही! मला तो इतका उघड वाटत होता, की सांगायचाच राहिला. चाळीस खुर्च्या मोजल्या, त्यातलं कुणाच्या काळजात काही गेलं नाही. एक वाक्य पदरचं घातलं, त्याच्या घंट्या झाल्या!

खूप भांडले. शेवटी साहेब म्हणाले, 'ठीक आहे, सोमवारी दहाला या, ब्रेकची वेगळी गोष्ट आणा. पटली तर थांबू, नाहीतर अकराला ट्रक जाईल.' म्हटलं तक्ता आणू का बरोबर? माझ्याकडे असं बघितलं, जणू मी शिवी दिली.

तो सोमवार आज. ट्रक भरून फाटकाशी उभा आहे, खिडकीतून दिसतोय बघा. फाटकापर्यंत येताना खड्डा लागला तेव्हा सगळ्या घंट्या एकदम वाजल्या.

म्हणून या वेळी मी ठरवलं : पदरचं काही नाही. मी तिथं नव्हते, तर जी होती तिलाच विचारायचं. काल संध्याकाळी फोन केला. 'मावशी, त्या दिवशी ब्रेक नीट आठव.'

'ब्रेक म्हणजे तो डावीकडचा काळा दांडा का गं?'

'हो.'

'त्याला मी पिशवी अडकवते.'

'मावशी... त्या दिवशी लावला होता का?'

'हिनं लावला असेल की.'

मागून मावसबहिणीचा आवाज, 'आई! तूच म्हणालीस ना, जा तू आत, मी लावते म्हणून?'

'मी? मी कधी म्हटलं? सगळं मीच करायचं तर तू कशाला येतेस बरोबर?'

'अगं, मी लावत होते तर माझ्या हातावर चापट मारलीस!'

'ते तू पिशवी खाली टाकलीस म्हणून!'

पाऊण तास. मग फोन आपटला, कुणी ते कळलं नाही.

आता सांगा, काय करू मी? मावशीचा ब्रेक लागला नसेल तरी त्या सात घसरल्याच आहेत, वजन ठेवून, वेळ लावून, माझ्या डोळ्यांसमोर. पण त्या ऐकायला आत कुणी नाही. 'ब्रेक लावला होता' असं म्हणाले तर ट्रक थांबेल. 'माहीत नाही' म्हणाले तर जाईल. एवढं एकच वाक्य... आणि खोटं कसं सांगायचं ते मला आता येतंय, हीच तर भीती आहे! तळटीप देता आली असती तर—

उघडलं दार. सर बोलावतायत. 'या मॅडम, या! साहेबांना अकराला ट्रकला हिरवा झेंडा दाखवायला जायचंय, शेवट तेवढा आनंदी ठेवा.'

आलेच म्हटलं. तिकडे मावशी आणि मावसबहीण कालपासून एकमेकींशी बोलत नाहीयेत. ब्रेक लावला होता की नाही हे दोघींपैकी एकीला पक्कं ठाऊक आहे, आणि कुठल्या एकीला, यावर दोघींचं एकमत होत नाहीये.