आणि साथीदार

(केनवडजवळचा भाजीचा मळा. दौलतराव मेथीच्या जुड्या बांधताहेत. नात तनुजा शाळेच्या गणवेशातच धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, येऊन बसली आहे.)

दौलतराव: मिटले डोळे? आता पाह्य तुले काय दिसते. अकोल्यातली गाणं भरायची लहानशी खोली. चारी भिंतीले गोधड्या टांगल्या.

तनुजा: गोधड्या काहून?

दौलतराव: रस्त्यावरचा आवाज आत येऊ नये म्हणून. मधात दोन पोट्टे. लग्नसराई संपली, वरातीचा ब्यांड रिकामा, म्हणून तिथं जाऊन बसलेले.

तनुजा: दिसले. गिटारवाले मोहनसिंगबाबा, निताचे आजोबा. ड्रमवाले तुमी. अन् गाणारा?

दौलतराव: गाणाराच नाई. तेच तर नवीन होतं. नुसती गिटार अन् ड्रम. रॉक म्हणत त्याले. शंभर क्यासेटी निघाल्या. रिसोडच्या बाजारात विकल्या, तर आठ दिवसात लोक वापस घेऊन आले. म्हणे, तुमचा गाणारा भरायचाच राह्यला, दुसरी द्या.

तनुजा: मंग?

दौलतराव: मोहन म्हणे, मोकळी जागा तुमच्यासाठीच ठेवली, घरी जाऊन गा. लोकायनं त्याच्यावर भजनं भरून घेतली. म्हणून तर ती कोणाजवळ उरली नाई.

तनुजा: पुण्याच्या एका माणसाजवळ उरली ना. त्यानं फोनवर टाकली. अर्ध्यातून भजन सुरू होते, तरी किती लोकायनं ऐकली. आज शाळेत मोहनसिंगबाबाले शाल देली, नारळ देला. तुमी आले नाई.

दौलतराव: मेथी काढायची होती.

तनुजा: मेथी सकाळीच काढून झाली होती, आबा.

दौलतराव: तू कव्हर नाई पाह्यलं त्या क्यासेटीचं. मोठा फोटो मोहनचा. वरतं लिहिलं, 'मोहनसिंग आणि साथीदार'. आमी होतो दोघंच. मंग साथीदार कोण?

तनुजा: तुमी.

दौलतराव: छत्तीस वर्षं झाली. एका लग्नात वाढपी म्हणे, साथीदार, तुमी मागच्या पंगतीत बसा. अजून आठवलं की घास फिरते तोंडात.

तनुजा: रविवारी निता आली होती. पुरी क्यासेट हाये का, विचारे. तुमी नाई म्हटलं.

दौलतराव: नाई म्हणजे नाई.

तनुजा: हाये. हुरड्याच्या ज्वारीत हाये.

दौलतराव: काय बोलून राह्यली?

तनुजा: पाखरं हाकलायची पट्टी सगळ्यायच्या वावरात लाल-चंदेरी हाये, दुकानातली. आपल्या वावरात भुरकी, क्यासेटीतली. खुंटीखुंटीले गाठ मारलेली. निता गेली, त्याच सांजी बांधली तुमी. वारा आला की घुं करते.

दौलतराव: कवा पाह्यलं तू?

तनुजा: सोमवारी.

दौलतराव: आज शनिवार. मंग निताले काहून नाई सांगितलं?

तनुजा: आधी ती माह्या बाकावर बसे. आता सगळा वर्ग तिच्याभोवती. मी रोज इथं येऊन ते घुं ऐकलं. बरं वाटे मले.

दौलतराव: माहा गुण लागला तुले.

तनुजा: आज मोहनसिंगबाबा काय बोलले, सांगू?

दौलतराव: मले नाई ऐकायचं.

तनुजा: बरं.

दौलतराव: काय बोलला?

तनुजा: शाल काढून टेबलावर ठेवली. म्हणे, तुमी ऐकता ती पहिली बाजू. दुसऱ्या बाजूले म्या गिटार खाली ठेवली होती. तिथं चार मिनिटं एकटा दौलत हाये. ते ऐका, मंग टाळ्या वाजवा. अन् कव्हरचं बी बोलले. म्हणे, छापणाऱ्यानं मले विचारलं नव्हतं, पण फोटो लय साजरा आला होता, म्हणून मीबी गप राह्यलो.

दौलतराव: पाच.

तनुजा: काय पाच?

दौलतराव: चार नाई, पाच मिनिटं हाये ते.

तनुजा: तेबी ज्वारीतच हाये ना?

दौलतराव: हाव. दोन्ही बाजू एकाच फितीवर असतात. त्याचं बांधायले गेलो, माहं बांधून आलो.

तनुजा: निघन का ते?

दौलतराव: किती जागी तोडली, मलेच आठवत नाई. गाठीतलं तर गेलंच. बाकीचं जोडता येते, नेलपॉलिशच्या थेंबानं. आमी तसंच जोडत होतो. पण एकट्याचं काम नाई ते. एकानं टोक धरायचं, एकानं पेन्सिलीनं गुंडाळायचं. पीळ पडला की संपलं.

तनुजा: तुमी धरता टोक?

दौलतराव: माहे हात थरथरतात, पोरी. त्या जुड्या पाह्य, कशा बांधल्या. कुठं चालली? फोन कायले घेतला?

तनुजा: हॅलो, निता? मी तनू. पेन्सिल घेऊन आमच्या वावरात ये. नाई, अभ्यास नाई. हाव, मोहनसिंगबाबालेबी आण. अन् ऐक, ज्वारीतून नका येऊ. धुऱ्याधुऱ्यानं या.