शेवग्यावरची बंडी

माझं माहेर कशेळ्याकडचं, डोंगराच्या पायथ्याला, आनि दिलं मला इकडं खोपोलीच्या अंगाला, भातशेतीच्या घरात. बाप म्हनाला घर चांगलं हाय, मानसं बरी हायत, जा. गेली. मला तं काय कळत होतं, अंगावर लुगडं नीट राहत नव्हतं माझ्या.

आमच्या घरात रीत अशी, बाप्यांचे कपडे सासू धुवायची, पन लेकाचं लगीन झालं की त्याची बंडी सुनेच्या हातात द्यायची. मलाबी आत्यांनी, म्हंजे सासूबाईंनी, ह्यांची बंडी दिली, म्हनाल्या आता हे तुझं. मला इतका आनंद झाला, काय सांगू तुमाला, मी ती एवढी घासायची की ह्ये म्हनायचे अगं फाटंल ती. पावसात कपडे चुलीवरच सुकायचे. श्रावनात ऊन पडाय लागलं तशी मी बंडी भाईर सुकत घालाय लागली. आनि तिथनंच सुरू झालं.

ह्यांच्या मानंला, पाठीला, काखंला लाल लाल चट्टे, वर बारीक पुरळ, आनि खाज तं अशी की मानूस भिंतीला पाठ घासून घ्यायचा, जेवता जेवता उठायचा. मला बघवत नव्हतं. आत्या वाटीत आमसुलं भिजत घालून ते पानी लावायच्या, पन मला वाटीला हात लावू द्यायच्या नाय. का, तं मी गौरीला माहेरी गेली तं ह्यांचं अंग साफ झालं, आनि मी आल्यावर परत उठलं. आता तुमीच सांगा, कोनबी काय म्हनंल? देवरुषी म्हनाला नव्या सुनेचं पाऊल बरं नाय. आत्या मला वाईट बोलल्या नाय हां, खोटं कशाला बोलू. एवढंच म्हनाल्या, दिवाळीला भाऊ न्यायला येईल तवा जा, आनि आमी बोलावलं तरच ये. मी हो म्हनाली नि गोठ्यात जाऊन रडली. नांदाय आलेली पोर, परत गेली तं कुठं तोंड दाखवायचं.

ह्यांना न्याहरी घेऊन शेतावर गेली तं ह्ये म्हनाले, डोळे का सुजलेत गं? मी भाकर पुढं केली. मग भाकर तशीच ठेवून म्हनाले, मला एक सांग, तू माझ्यासाठी काय काय करतेस ते सगळं सांग. मला लाज वाटली. म्हनलं काय करते, भाकर करते, पाय धुवाय पानी देते, बंडी धुते. ह्ये म्हनाले, आनि सुकवतेस कुठं, अंगनात तं कधी दिसत नाय? म्हनलं, मामंजी ओटीवर बसलेले असतात, त्यांच्यासमोर नवऱ्याची बंडी दोरीवर कशी टाकू, म्हनून मी मागं शेवग्याच्या खोडाला गुंडाळते, तिथं ऊन लई वेळ असतं. माझं लुगडं मी आत्यांच्या लुगड्याशेजारी पडवीतच टाकायची.

ह्ये उठले, तसेच घरी आले, मला शेवग्याजवळ नेलं. बघ म्हनाले. मला काय दिसंना, मी म्हनलं साल हाय. अहो साल कुठली, केसाळ सुरवंट, खोडाला एकाला एक लागून झुबका बसलेला, सालीच्याच रंगाचा. माझ्या माहेरच्या दारात कधी शेवगा नव्हता, मला काय ठाऊक. त्यांची बारीक कुसं बंडीत जायची, आनि मी रोज मायेनं तीच ह्यांच्या अंगावर चढवायची.

ह्ये म्हनाले आईला सांगतो. मी म्हनलं तुमी बोलाल तं म्हनतील बायकोची बाजू घेतो. आनि मी खोडावरची बंडी काढली, झटकली, नि स्वतःच्या मानंवर घासली. ह्ये ओरडले, वेडी का काय गं तू. मी दळाय बसली. थोड्या वेळानं मान अशी पेटली म्हनता, डोळ्यांतनं पानी, आनि मी खाजवत खाजवत हसतेय. जन्मात कुनाला पुरळ उठल्याचा एवढा आनंद झाला नसंल. तशीच आत्यांसमोर गेली, पदर काढून मान दाखवली, म्हनलं आत्या, बघा, शेवग्यावर सुकवलेली बंडी मानंला घासली, ह्यांचं आनि माझं एकच हाय, झाडाचं हाय, पावलाचं नाय.

आत्यांनी मान जवळनं बघितली. मग आत गेल्या, आमसुलाची वाटी आनली, मला पुढ्यात बसवलं आनि आपल्या हातानं मानंला लावलं. लगनानंतर पयल्यांदा कुनी मला असा हात लावला. लावता लावता म्हनाल्या, दिवाळीला भाऊ आला तं चार दिस पाहुना म्हनून ठेवून घे त्याला, जायचं बोलू नको.

आता आत्या नाय ऱ्हायल्या. शेवगा हाय, शेंगा खातो आमी. ह्ये अजून म्हनतात, खाज हिनंच लावली नि हिनंच काढली. यंदा लेकाचं लगीन केलं. परवा सून त्याचं ओलं कुडतं पदराआड घेऊन मागच्या दारी निघाली होती. मी हाक मारली, म्हनलं इकडं ये गं बाय, आनि तिच्या हातातनं घेऊन मीच ते अंगनातल्या दोरीवर टाकलं, सगळ्यांदेखत. लाजली पोर. सुखानं नांदू दे तिला.