हे काढण्याआधी मला विचारा

—नाही हो, उंदीरच असणार. काय म्हणता, उंदीर वायर कुरतडतो, उपसून, गुंडाळी करून सोफ्याखाली ठेवत नाही? आमच्याकडचे उंदीर टापटिपीचे आहेत! बसा हो निवांत, इंटरनेट कुठे पळून जातंय — पळालंच आहे म्हणा. तुमचं बरं, वायर जोडली की सुटलात. इथे — सांगू? मी नववी नापास, पण डेटाबेसच्या, म्हणजे माहिती साठवायच्या प्रोग्रॅमच्या कामातला माणूस, बरं का! सगळ्यांसाठी खुला असतो तसला — जगभरची माणसं फुकट लिहितात, कोणीही वाचावं, कोणीही दुरुस्त करावं. त्यातला एक कोपरा आमचा. म्हणजे हिचा. ही शिकलेली, मी मागे बसून तिच्या चुका काढायचो, त्यातच शिकलो. तर दोन तक्ते जोडताना रकाना रिकामा निघाला की बेरीज बोंबलायची, म्हणून हिने तिथे तपासणी लिहिली. पुढे कोणीतरी तीच तपासणी पार दारातच, माहिती आत येते तिथेच बसवली. झालं! आता रिकामं काही आत येतच नाही, आणि हिची तपासणी आपली उभी — नाटक संपलं, माणसं घरी गेली, तरी तिकिटं फाडायला.

काढायलाच हवी हो. दुसऱ्या कुणाची असती तर मी शिट्टी वाजवत काढली असती. पण काढायला निघालंय कोण? आमची लेक! आईसारखीच, पसारा खपत नाही. म्हणते, बाबा, आईमागे त्या कोपऱ्याचे राखणदार आता तुम्ही, तुमचं ‘हो’ आलं की काढते. सकाळी तिचा निरोप आला आणि लगेच मी वायर — उंदीर आला. हसू नका!

अहो, ‘नको’ म्हणायला तिथे कारण लागतं, कामातलं कारण. ‘आईने लिहिलंय’ हे कारण चालत नाही. आणि लेकीला काय ते ठाऊक नाही? ठाऊक आहे, म्हणून तर मला विचारत बसलीये, वेडी. त्या तपासणीच्या डोक्यावर हिने टीप ठेवलीये — ‘हे काढण्याआधी मला विचारा.’ माझ्यासाठीच हो ती, मला दिसेल तिथे हात घालायची खोड. आता विचारतो म्हटलं, तर कुठे विचारू? तुमच्याकडे आहे तसली लाइन? नाही ना?

काय — दिवा लागला? हिरवा? इतक्यात? जरा नीट बघा, एखादं टोक सैल असेल, पुन्हा उघडून — वाजला बघा फोन. लेकीचाच निरोप. ‘बाबा, आहात ना?’

जा तुम्ही आता. नाही, झालं काम, छान झालं. वायर — नको, राहू दे जोडलेली तशीच. दार ओढून घ्या.