मयताच्या आईचा अंगठा

लातूर-निलंगा एसटीत माझ्या पुढच्या सीटवर एक म्हातारी आणि शेजारची बाई बोलत होत्या.

"मावशी, लई खुशीत दिसायलात!"

"हाव. माझा भागवत चौदा वर्षं जेलात हाय. त्याच्या माफीचा अर्ज आज झाला. किती हिंडले, कुणी धड सांगंना. या वकील मॅडमनं बसून समदा लिहिला."

"बरं झालं की."

"मधी जरा अडलं. मॅडम म्हणली, मयताच्या आईची हरकत न्हाई, असा कागद जोडला तर बरं. तिच्याकडं जाता का?"

"अगं बाई! मग?"

"म्या म्हणलं, कागद आणा, अंगठा लावते."

"तुमचा कसा चालंल?"

"दोघं बी माझेच की. बांधावरून भांडले."

"मग मॅडम काय म्हणल्या?"

"आधी पाणी पाजलं. मग म्हणली, मावशी, आता तुम्हाला कुणाच्या दारात जायचं काम न्हाई."