मीडियम, बाह्या लांब

मावशी : उघडू नका म्हटलं ना ते खोकं. आधी यादीशी ताडून बघायचं असतं.

मॅनेजर : मी कुठे उघडतोय? नुसता हात ठेवला.

मावशी : हात ठेवायला इस्त्रीचं टेबल आहे. बावीस वर्षं कपडे सांभाळतेय मी या फुटबॉल क्लबाचे. एक मोजा हरवला नाही, एक शर्ट खराब झाला नाही. का? तर मी कुणाला खोक्यात हात घालू दिला नाही. आणि तुम्ही सकाळपासून तिसऱ्यांदा आलात. सीझन संपून आठ दिवस झाले, मॅनेजर माणसानं सुट्टीवर जावं.

मॅनेजर : सुट्टी कसली, मावशी. आमचं खरं काम उन्हाळ्यातच. कुणाला घ्यायचं, कुणाला सोडायचं. पंधरा पानांचा प्लॅन करून दिलाय अध्यक्षांना. काल पाठीवर थाप मारून म्हणाले, "वा! हा उन्हाळा तुमचाच."

मावशी : हिवाळ्याचं काही बोलले?

मॅनेजर : करार तीस तारखेला संपतो. दरवर्षीच संपतो, मग एका वर्षाचा नवा होतो. म्हणाले, "कागद होईल हो, आधी खेळाडू बघू."

मावशी : बरं. आता काय हवंय तुम्हाला?

मॅनेजर : नवीन येणाऱ्यांची मापं द्यायची होती. दोघंच आहेत. एक स्ट्रायकर, तो लार्ज. आणि एक लेफ्ट बॅक. दूधवाला.

मावशी : नाव सांगा. शर्टावर दूधवाला छापू का?

मॅनेजर : नाव प्लॅनमध्ये आहे, पान चार. पहाटे दुधाची गाडी चालवतो, संध्याकाळी खालच्या डिव्हिजनला खेळतो. सव्वीस वर्षांचा आहे, कुणी घेतच नाही त्याला. मी त्याच्या गाडीत बसून शब्द दिलाय. परवा गाडीची नोकरी सोडतोय तो.

मावशी : कागद व्हायच्या आधी?

मॅनेजर : शब्द दिलाय म्हटलं ना.

मावशी : अध्यक्षांनी तुम्हाला दिलाय तसा?

मॅनेजर : मावशी, तुम्ही आज तिरकं का बोलताय?

मावशी : मी रोज अशीच बोलते. तुम्हाला आज वेळ आहे.

मॅनेजर : या खोक्यात पुढच्या सीझनचे कोट आहेत ना? थंडीतले, गुडघ्यापर्यंतचे.

मावशी : आहेत.

मॅनेजर : माझापण?

मावशी : मॅनेजरचा आहे.

मॅनेजर : मग बघू द्या की. बायकोला फोन करून सांगतो, कोट आला. बिचारी तीन वर्षं बेडरूमच्या खिडकीला वर्तमानपत्र लावून राहिलीय. घर क्लबाचं, करार एकेका वर्षाचा, म्हणायची पडदे शिवू कशाला? काल अध्यक्षांची थाप पडली तशी मीच म्हटलं, टाक शिवायला.

मावशी : कापड कापलं?

मॅनेजर : आज सकाळीच.

मावशी : अगं बाई.

मॅनेजर : काय झालं?

मावशी : काही नाही. इस्त्री तापलीय.

(खोक्याची चिकटपट्टी टर्रकन निघते, मग प्लास्टिकचा आवाज.)

मॅनेजर : मावशी, हा माझा नाही.

मावशी : छातीवर काय लिहिलंय?

मॅनेजर : मॅनेजर.

मावशी : मग?

मॅनेजर : चेन लागत नाहीय. मधे वीतभर अंतर आहे.

मावशी : श्वास सोडा.

मॅनेजर : सोडला. आता परत घेऊ की नको?

मावशी : कंपनीनं माप चुकवलं असेल.

मॅनेजर : लेबलवर मीडियम आहे. मी पाळण्यातसुद्धा मीडियम नव्हतो. आणि या बाह्या बघा. पोट मावत नाही, अन् हात पार बुडालेत. बोटं दिसतात का माझी?

मावशी : काढा तो.

मॅनेजर : यादी दाखवा.

मावशी : यादी ऑफिसची असते.

मॅनेजर : मावशी.

मावशी : घ्या. वाचा. सगळ्यात वरती आहे.

मॅनेजर : "मॅनेजर. मीडियम. बाह्या साडेतीन इंच लांब." अख्ख्या क्लबात असे हात एकाचेच आहेत.

मावशी : गोलकीपर होता ना तो.

मॅनेजर : लंबू. माझा सहायक. मंगळवारपासून बोलत नाहीय माझ्याशी. म्हणाला, दाढ दुखते.

मावशी : माप मंगळवारीच घेतलं. अध्यक्षांनी पाठवलं होतं. इथं हात पसरून उभा होता, तुम्ही आता उभे आहात तिथंच. दोनदा विचारलं, "मावशी, साहेबांना सांगितलंय ना त्यांनी?" म्हटलं, मला काय ठाऊक, मी मापं घेते.

मॅनेजर : मी त्याला लवंगेचं तेल नेऊन दिलं.

मावशी : लावतोय. मी पाहिलंय.

मॅनेजर : दाढ दुखत नसताना?

मावशी : तुम्ही दिलंत ना.

मॅनेजर : त्याचा गुडघा गेला तेव्हा मीच त्याला इथं आणला. अध्यक्ष नको म्हणत होते. सहा महिने माझ्या घरी जेवला. माझ्या बायकोला वहिनी म्हणतो.

मावशी : अजून म्हणतो.

मॅनेजर : वाईट वाटतंय, मावशी. खोटं कशाला बोलू? नोकरीचं एक वेळ सोडा. पंधरा पानं लिहून घेतली हो माझ्याकडून. रात्र रात्र बसलो. आणि हे माप घेऊन मोकळे.

मावशी : रडायचं असेल तर त्या टोपलीतला टॉवेल घ्या. तो धुवायचाच आहे.

मॅनेजर : नाही रडत.

मावशी : बरं. तरी घ्या.

लंबू : मावशी, त्या सरावाच्या बंड्या... साहेब? तुम्ही इथं?

मॅनेजर : ये. दाढ कशी आहे?

लंबू : बरी आहे.

मॅनेजर : तेल संपलं?

लंबू : थोडं आहे. साहेब, तो कोट...

मॅनेजर : तुझा आहे. धर. घाल.

लंबू : आईशप्पथ साहेब, मी नाही म्हणालो होतो. ते म्हणाले, तू नाही तर तिसरा कुणीतरी. मी म्हटलं, आधी साहेबांना सांगा. म्हणाले, सांगतो. रोज म्हणतात, सांगतो.

मॅनेजर : घाल म्हटलं ना.

मावशी : खांदे सरळ ठेव. आखडतोस कशाला?

मॅनेजर : बाह्या बरोबर बसल्या.

लंबू : साहेब, तुम्ही म्हणाल तर मी सही करत नाही. अजून केली नाहीय.

मॅनेजर : तसं म्हणावंसं वाटतंय.

लंबू : मग म्हणा.

मॅनेजर : फार वाटतंय. नको पण. सही कर. आणि हे बघ, एका वर्षाची करू नकोस. दोन वर्षांची माग.

लंबू : ते देतील?

मॅनेजर : नाही दिली तरी माग. का ते वहिनीला विचार. बरं, पान चार वाचलं का त्यांनी?

लंबू : तोच घोळ झालाय. दूधवाल्यावर काट मारलीय. म्हणतात, साठ मिनिटांत त्याचा दम संपतो, सगळ्या जगाला ठाऊक आहे, तुमच्या साहेबांनाच कसं दिसलं नाही? मी काय बोलणार? मी पण दोन मॅच पाहिल्या त्याच्या. साठाव्या मिनिटाला पाय ओढायला लागतो.

मॅनेजर : परवा गाडी सोडतोय तो.

लंबू : मग त्याला सांगायला हवं, सोडू नको म्हणून. तुम्ही सांगता की मी?

मॅनेजर : कुणी सांगायची गरज नाही. दम संपत नाही त्याचा. बूट चावतो.

लंबू : काय?

मॅनेजर : उजवा पाय आठ नंबरचा, डावा नऊचा. दुकानात बूट जोडीनं मिळतात, म्हणून जन्मभर आठाचाच जोड घालतोय. तासाभरात डावा अंगठा सुजतो, मग तो पाय ओढतो. लोक म्हणतात दमला. मी गाडीत बसलो होतो ना त्याच्या, अनवाणी चालवतो गाडी. पाय बघितले आणि विचारलं. लाजत होता सांगायला. त्या दिवशी मी त्याला डाव्या पायात माझा बूट दिला, आत दोन मोजे घालायला लावले, आणि पळवला. मी घड्याळ बघून कंटाळलो, तो थांबेना.

लंबू : साहेब, हे पंधरा पानांत कुठंच नाहीय.

मॅनेजर : नाहीये. करार झाला की सांगणार होतो. मलाही वाटलं होतं, आपल्याकडे एखादं पान असू द्यावं.

मावशी : म्हणजे मला दोन जोड मागवायला लागणार. एक आठचा, एक नऊचा.

मॅनेजर : हो.

मावशी : आणि उरलेले दोन बूट?

मॅनेजर : अध्यक्षांना द्या.

लंबू : साहेब, मला का सांगितलंत पण? गप्प बसला असतात, दुसरा क्लब मिळाल्यावर तुम्हीच त्याला घेतला असता.

मॅनेजर : दुसरा क्लब मिळायला मला भिकाऱ्यासारखं दारोदार फिरावं लागेल. त्याची नोकरी परवा सुटतेय. जा आता वर, पान चार घेऊन. आणि हा कोट काढून जा. उन्हाळ्यात असा कोट घालून गेलास तर म्हणतील, पहिल्याच दिवशी डोकं फिरलं.

लंबू : जातो. साहेब, वहिनींना...

मॅनेजर : संध्याकाळी जेवायला ये. तूच सांग तिला. माझ्या तोंडून निघायचं नाही.

लंबू : मी?

मॅनेजर : आणि दाढेचं नाटक करू नकोस. ती पातळ खिमट करून वाढेल.

लंबू : येतो, साहेब.

मावशी : बंड्या ठेवून जा की. हां, तिथं. दार ओढून घे.

मॅनेजर : गेला.

मावशी : गेला. जिन्यात थांबलाय. डोळे पुसून जाईल वर.

मॅनेजर : पडद्यांचं काय करू, मावशी?

मावशी : खालची दुमड मोठी ठेवायला सांगा शिवणाऱ्याला, चांगली हातभर. दुसरं घर मिळालं, खिडकी मोठी निघाली, तर उसवायची दुमड आणि लांब करायचे. छोटी निघाली तर प्रश्नच नाही.

मॅनेजर : हातभर.

मावशी : विसराल. चिठ्ठीवर लिहून देते.

मॅनेजर : आणि माझा जुना कोट? तो परत द्यायचा असतो ना?

मावशी : नियम आहे. मॅनेजर गेला की कोट जमा. त्या कपाटात नऊ लटकलेत. तुमचा खुंटीवर आहे, धुऊन ठेवलाय.

मॅनेजर : बरं. मग टांगा दहावा.

मावशी : तुमच्याआधी नऊ मॅनेजर पाहिले मी. काहींनी तर कप आणले. मोजे सुलटे करून टोपलीत टाका, असं खेळाडूंना सांगणारे तुम्ही एकटेच. तीन वर्षांत मला एक मोजा सुलटा करावा लागला नाही. आधी रोज साठ करायचे. घामट, चिखलाचे.

मॅनेजर : त्यात काय एवढं.

मावशी : तुम्हाला काय कळणार? कोट काढा खुंटीवरचा. घेऊन जा.

मॅनेजर : नियम आहे म्हणालात. वहीत काय लिहाल?

मावशी : "धुताना खराब झाला, टाकून दिला."

मॅनेजर : मावशी, बावीस वर्षांत तुमच्या हातून एक शर्ट खराब झाला नाही. हे अध्यक्षांपासून वॉचमनपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे.

मावशी : हो ना. मग आता कोट खराब झाला.