विहिरीवरचा म्हातारा

हसू नका, पण ऐका. मुलुंडला मी माझ्या मुलाकडे, नीलेशकडे, राहतो. त्याच्याकडे गेमचं मशीन आहे. मशीनची कंपनी त्या मशीनसाठी खास नवा गेम काढेना, म्हणून नीलेश एकच जुना गेम खेळायचा. त्यात विहिरीवर एक म्हातारा कायम बसलेला. मी रोज विचारायचो, "काय, जेवलात का?"

परवा नीलेश म्हणाला, "बाबा, कंपनी आता आपले गेम दुसऱ्यांच्या मशीनवर पण देतेय. हे मशीन उद्या विकतो."

"मग हा म्हातारा कुठे जाईल रे?"

"तुम्ही पण ना, बाबा!"

मला राहवेना. हळूच पडद्यावरच्या म्हाताऱ्याला म्हटलं, "आमच्याकडे या राहायला. संकोच करू नका."

सकाळी नीलेशने शेवटचा गेम लावला. विहीर होती, म्हातारा नव्हता.

"बाबा, हा कधी उठतच नाही!"

तेवढ्यात सूनबाईने स्वयंपाकघरातून विचारलं, "बाबा, बाल्कनीतल्या पाहुण्यांना चहात साखर चालते ना?"